तळटीप १४ : गर्भाचे पित्त

१४. 'बाळाचे पित्त आई निस्तरते' : येथे पित्त म्हणजे यकृतात कोलेस्टेरॉलपासून तयार होणारी पित्ताम्ले. गर्भाचे यकृत साधारण १२व्या आठवड्यापासून पित्त स्रवू लागते, पण त्याची घडण निराळी असते. प्रौढात कोलिक आम्ल अधिक, तर गर्भात किनोडीऑक्सिकोलिक आम्ल. प्रौढाची पित्ताम्ले मुख्यतः ग्लायसीनशी जोडलेली, तर गर्भाची टॉरीनशी. आतड्यातल्या जिवाणूंमुळे बनणारे डीऑक्सिकोलिक आम्ल गर्भात जेमतेम आढळते, तेही बहुधा आईकडून आलेले.

लेखकाचे वाक्य शब्दशः खरे आहे. पित्ताम्ले आतड्यातून शोषून यकृताकडे परत धाडण्याची व्यवस्था गर्भात अजून कच्ची असते. त्याच्या रक्तात त्यांचे प्रमाण आईच्या रक्तापेक्षा जास्त राहते, म्हणून ती वारेतून आईकडे जातात आणि तिचे यकृत त्यांची विल्हेवाट लावते.

पुढच्याच परिच्छेदातली तळहात-तळपायांची खाज याच संदर्भात वाचावी. गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत काही स्त्रियांच्या यकृतातून पित्त नीट वाहत नाही. आईच्या रक्तात पित्ताम्ले साठतात आणि गर्भाकडून आईकडे असलेला त्यांचा उतार उलटतो. खाज सुटते, रात्री विशेष, आणि अंगावर पुरळ मात्र दिसत नाही. घरात ती 'उष्णता' म्हणून सोडून दिली जाते, हे फार वाईट. कारण साध्या रक्ततपासणीत हा विकार कळतो. पित्ताम्ले लिटरमागे १०० मायक्रोमोल किंवा त्याहून अधिक असल्यास बाळ पोटातच दगावण्याचा धोका स्पष्टपणे वाढतो. — संपा.