परदेशी विद्यापीठातील शिक्षण आणि जोखमीचे स्वरूप : महाराष्ट्रातील तीन उदाहरणांचा ऐतिहासिक अभ्यास (१८८३ ते १९२३)

प्रस्तावना

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात महाराष्ट्रातून इंग्लंड-अमेरिकेत शिक्षणासाठी जाणाऱ्या व्यक्तींची संख्या अल्प होती. मात्र त्यांच्या जाण्याचा समाजजीवनावर झालेला परिणाम त्या संख्येच्या मानाने फार मोठा आहे. या व्यक्तींची चरित्रे लिहिली गेली, जयंत्या साजऱ्या झाल्या, पाठ्यपुस्तकांत धडे आले. या गौरवामुळे त्यांनी मिळविलेल्या पदव्या सर्वांना ठाऊक झाल्या, परंतु पदवीसाठी त्यांनी नेमके काय पणाला लावले होते, हा प्रश्न मागे पडला. ‘धाडस’ या एकाच शब्दाखाली अत्यंत भिन्न परिस्थिती झाकल्या गेल्या. प्रस्तुत लेखात डॉ. आनंदीबाई जोशी, रँग्लर र. पु. परांजपे आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या परदेशी शिक्षणाचा विचार जोखमीच्या दृष्टीने करण्यात आला आहे. जोखीम कोणत्या स्वरूपाची होती, ती कोणी उचलली आणि प्रवासाच्या कोणत्या टप्प्यावर ती सर्वाधिक होती, हे तपासणे हा या लेखाचा उद्देश आहे.

समुद्रप्रवास आणि जातीचा निर्बंध

धर्मसूत्रांपैकी बौधायन धर्मसूत्रात समुद्रप्रवासाची गणना पतनास कारण होणाऱ्या कृत्यांत केलेली आहे. पुढील काळातील निबंधग्रंथांनी कलिवर्ज्याच्या आधारे हा निर्बंध अधिक घट्ट केला. व्यवहारात मात्र हा निर्बंध ग्रंथापेक्षा जातपंचायतीच्या बळावर टिकून होता. १८८८ मध्ये मोहनदास गांधी इंग्लंडला निघाले तेव्हा मुंबईत त्यांच्या मोढ बनिया जातीची सभा भरली. सभेने त्यांना जातिबहिष्कृत ठरविले आणि त्यांना मदत करणाऱ्यास किंवा बंदरावर निरोप देण्यास जाणाऱ्यास सव्वा रुपया दंड जाहीर केला. परत आल्यावर बंधूंच्या आग्रहास्तव त्यांना नाशिक येथे शुद्धिस्नान करावे लागले. दंडाची रक्कम क्षुल्लक असली तरी त्यामागील हेतू लक्षात घेण्याजोगा आहे. जाणाऱ्या व्यक्तीबरोबरच तिला आधार देणाऱ्या मंडळींवरही जरब बसविणे, हा तो हेतू होय.

आनंदीबाई जोशी : जोखमीचे जाहीर विवेचन

कल्याणच्या आनंदीबाईंचा विवाह वयाच्या नवव्या वर्षी टपाल खात्यातील गोपाळराव जोशी यांच्याशी झाला. चौदाव्या वर्षी झालेले मूल दहा दिवसांतच दगावले. स्त्रियांना स्त्री-डॉक्टर उपलब्ध असावी, या निश्चयाचे मूळ या अनुभवात शोधले जाते. गोपाळरावांनी एका मिशनऱ्यास लिहिलेले पत्र अमेरिकेतील नियतकालिकात प्रसिद्ध झाले, ते रोसेल (न्यू जर्सी) येथील श्रीमती थिओडोशिया कार्पेंटर यांच्या वाचनात आले आणि त्यांनी आनंदीबाईंना आपल्या घरी आश्रय देऊ केला.

प्रयाणापूर्वी, २४ फेब्रुवारी १८८३ रोजी, आनंदीबाईंनी श्रीरामपूर (बंगाल) येथील महाविद्यालयाच्या सभागृहात इंग्रजीतून भाषण केले. अभ्यासकाच्या दृष्टीने हे भाषण अत्यंत महत्त्वाचे आहे. लोक आपणास जे प्रश्न विचारतात ते त्यांनी क्रमाने मांडले : अमेरिकेला का जाता, हिंदुस्थानात शिक्षणाची सोय नाही काय, एकट्या का जाता, परतल्यावर जातीबाहेर टाकले जाणार नाही काय, संकट ओढवल्यास काय कराल, आणि कोणत्याही स्त्रीने न केलेली गोष्ट आपण का करावी. प्रत्येक प्रश्नाला त्यांनी स्वतंत्र उत्तर दिले. अठरा वर्षेही पूर्ण न झालेल्या तरुणीने केलेले हे विवेचन म्हणजे आपल्या जोखमीचा मांडलेला जाहीर हिशेबच होता. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, ही त्यांची भूमिका बहिष्काराच्या शक्यतेला दिलेले विचारपूर्वक उत्तर होते.

७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून निघून त्या जूनमध्ये न्यूयॉर्कला पोहोचल्या. फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात अधिष्ठाता डॉ. रॅचेल बॉडले यांनी त्यांना प्रवेश व शिष्यवृत्ती दिली. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना एम. डी. ही पदवी मिळाली. पदवीदान समारंभास पंडिता रमाबाई उपस्थित होत्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्री-विभागाच्या प्रमुखपदी त्यांची नेमणूकही झाली. परंतु क्षयाने ग्रासलेल्या अवस्थेत त्या मायदेशी परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुणे येथे त्यांचे निधन झाले. वयाची बावीस वर्षेही पूर्ण झालेली नव्हती. ज्या बहिष्काराची सर्वत्र चर्चा झाली त्याहून शरीराची झीज हीच अखेर निर्णायक ठरली.

र. पु. परांजपे : संस्थेने वाटून घेतलेली जोखीम

दापोलीजवळील मुर्डी गावी १८७६ मध्ये जन्मलेले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिक्षण घेतले आणि १८९६ मध्ये भारत सरकारच्या शिष्यवृत्तीवर ते केंब्रिजच्या सेंट जॉन्स महाविद्यालयात दाखल झाले. १८९९ मध्ये ते गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत सीनियर रँग्लर ठरले. हा मान मिळविणारे ते पहिले भारतीय होत. परतल्यावर ते फर्ग्युसनमध्येच गणिताचे प्राध्यापक झाले आणि १९०२ मध्ये प्राचार्यपदी आले.

परांजपे यांच्या बुद्धिमत्तेचे श्रेय कमी न करताही एक बाब नोंदविणे आवश्यक आहे. त्यांच्या खर्चाची हमी शासनाने घेतली होती आणि परतीनंतर त्यांच्या ज्ञानाला जागा देणारी संस्था पुण्यात उभी होती. परदेशात अपयश येण्याची भीती त्यांनाही होती, परंतु यश आल्यास ते वाया जाण्याची भीती नव्हती.

डॉ. आंबेडकर : परतीची जोखीम

महाराज सयाजीराव गायकवाड यांनी भीमराव आंबेडकर यांना दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी मंजूर केली. जून १९१३ मध्ये झालेल्या करारानुसार शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानची सेवा करणे बंधनकारक होते. त्याच वर्षी फेब्रुवारीत त्यांचे वडील निवर्तले होते, म्हणजे घरचा कर्ता आधार गेल्यावर पत्नी रमाबाई आणि कुटुंब मुंबईत ठेवून ते निघाले. कोलंबिया विद्यापीठातून १९१५ मध्ये एम. ए. झाल्यावर १९१६ मध्ये ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स व ग्रेज इन येथे दाखल झाले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. महायुद्धाच्या त्या काळात त्यांचे सामान व ग्रंथ घेऊन येणारे जहाज पाणतीराने बुडाले.

खरी परीक्षा बडोद्यात झाली. कराराप्रमाणे ते सेवेत रुजू झाले, परंतु शहरात त्यांना राहण्यास जागा मिळेना. नाव बदलून ते पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना तेथून बाहेर काढले. दिवसभर आसरा शोधून रात्रीच्या गाडीने ते मुंबईस परतले. कोलंबियाची पदवी त्यांना शहरातील एक खोलीही मिळवून देऊ शकली नाही. पुढे सिडनहॅम महाविद्यालयात अध्यापन करून साठविलेली रक्कम, छत्रपती शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले पाच हजार रुपयांचे कर्ज यांच्या बळावर ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले. १९२१ मध्ये एम. एस्सी., १९२२ मध्ये बॅरिस्टर आणि १९२३ मध्ये डी. एस्सी. असा हा प्रवास पूर्ण झाला. पहिली जोखीम संस्थानच्या पैशावर घेतलेली होती. दुसरी मात्र त्यांनी तिची पूर्ण किंमत जाणून, कर्ज काढून घेतली.

तुलनात्मक विवेचन

वरील तीन उदाहरणांवरून पुढील बाबी स्पष्ट होतात.

१. परदेशी विद्यापीठांनी तिघांनाही प्रवेश दिला. मोठे अडथळे निघताना किंवा परतल्यावर आले आणि ते मुख्यतः स्वदेशातील समाजव्यवस्थेने निर्माण केले.

२. जातिबहिष्काराची भीती ही जातिव्यवस्थेत स्थान असलेल्यांची भीती होती. प्रायश्चित्त घेऊन ते स्थान परत मिळविता येत असे. ज्यांना व्यवस्थेने आधीच बाहेर ठेवले होते त्यांच्यासाठी असे कोणतेही प्रायश्चित्त नव्हते. म्हणूनच आंबेडकरांच्या बाबतीत समुद्र ओलांडणे सोपे आणि बडोदे स्थानकाबाहेर पडणे कठीण ठरले.

३. शिष्यवृत्तीने शुल्क व निर्वाह यांची तरतूद होते. आरोग्य, मागे राहिलेले कुटुंब आणि परतीनंतरचे स्थान यांची जोखीम विद्यार्थ्याकडेच राहते. सयाजीरावांची शिष्यवृत्ती काळाच्या फार पुढची होती, परंतु ती देणारे संस्थान आपल्याच राजधानीत आपल्या अधिकाऱ्यास निवारा देऊ शकले नाही.

४. गोपाळरावांचे पत्र, श्रीमती कार्पेंटर यांचे घर, डॉ. बॉडले यांचा निर्णय, भथेना यांचे कर्ज, या गोष्टी चरित्रांत तपशील म्हणून येतात. प्रत्यक्षात जोखमीचा काही वाटा उचलणाऱ्या या व्यक्ती होत्या.

समारोप

परदेशी शिक्षणाची वाट आज जातपंचायत अडवीत नाही. शासनाच्या शिष्यवृत्त्या आहेत, बँकांची शैक्षणिक कर्जे आहेत. तरीही शेत किंवा घर तारण ठेवून पाल्यास परदेशी पाठविणारे कुटुंब आणि तोच खर्च शिलकीतून करणारे कुटुंब यांची जोखीम सारखी नसते. महाविद्यालयीन अध्यापकाकडे विद्यार्थी शिफारसपत्रासाठी येतो तेव्हा त्याच्या गुणपत्रिकेची चौकशी होते. त्याच्यामागे कोण उभे आहे, खर्चाची तरतूद मध्येच थांबल्यास काय आणि परतल्यावर त्याला जागा कोठे आहे, हे प्रश्न क्वचितच विचारले जातात. आनंदीबाईंनी १८८३ मध्ये यांपैकी बहुतेक प्रश्न स्वतःच स्वतःला विचारून त्यांची उत्तरे जाहीरपणे दिली होती. विद्यार्थ्याबरोबर बसून ही उत्तरे शोधणे हे अध्यापकाचे कर्तव्य आहे. जोखीम घेण्याचे धैर्य विद्यार्थ्याचे असले, तरी ती एकट्यावर पडू न देण्याची जबाबदारी त्याला पाठविणाऱ्या समाजाची असते, हाच या तीन चरित्रांतून निघणारा निष्कर्ष होय.