तसबिरींच्या दुकानातले भिंग

कॅलिफोर्नियातील लिक वेधशाळेत १८८८ साली ३६ इंची दुर्बीण कामाला लागली. भिंगाची एवढी मोठी दुर्बीण तेव्हा जगात दुसरी नव्हती. त्याच वर्षी तेथे रुजू झालेल्या एडवर्ड एमर्सन बर्नार्डने आकाशगंगा टिपण्यासाठी मात्र ६ इंची विलार्ड भिंग वापरले. ते मुळात माणसांच्या तसबिरी काढण्यासाठी घडवलेले, तेही जुन्या बाजारातले!

यात हट्ट नव्हता, हिशेब होता. पसरट, अंधूक प्रकाश प्लेटवर किती ठळक उमटेल हे भिंगाच्या रुंदीवर नव्हे, तर केंद्रांतर रुंदीच्या किती पट आहे यावर ठरते. मोठ्या दुर्बिणीत ते १९ पट होते, विलार्डमध्ये जेमतेम ५ पट. शिवाय तिच्या चिंचोळ्या दृष्टिक्षेत्रात आकाशगंगा मावणार कशी?

खरी कसोटी होती बैठकीची. पृथ्वी फिरते, त्यामुळे तारा दर मिनिटाला पाव अंश सरकतो. बैठकीचा अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर हवा आणि घड्याळाची कळ तिला एकसारखी फिरवणारी हवी. कळ चुकणारच; म्हणून बर्नार्ड जोडीच्या दुर्बिणीला डोळा लावून, तारा तारेच्या फुलीवर धरून तासन्‌तास बसे. नॅशव्हिलच्या फोटोशाळेत नऊ वर्षांच्या बर्नार्डचे काम काय होते? छपरावरचा अवजड कॅमेरा दिवसभर सूर्याकडे वळता ठेवणे. गरिबीने दिलेली ही तालीम कोणत्या विद्यापीठात मिळाली असती, असे वाटते.

१८८९च्या प्लेटांवर ताऱ्यांच्या ढगांबरोबर काळे डागही उमटले. ती आकाशातली भोके की प्रकाश अडवणारे काही? बर्नार्ड वर्षानुवर्षे घुटमळला. पुढे यर्क्स वेधशाळेसाठी कॅथरीन ब्रूसबाईंच्या देणगीतून १० इंची दुर्बीण झाली. तिचा खांब मुद्दाम वाकवलेला होता. तारा मध्यान्हरेषा ओलांडतानाही नळी खांबावर आपटू नये, चित्रण मध्येच तुटू नये, म्हणून. १९१९ साली त्याने १८२ काळ्या डागांची यादी छापली. तोवर, निदान पुष्कळसे डाग म्हणजे प्रकाश अडवणारे पदार्थ आहेत, असे त्याचे मत झाले होते.

नकाशासंग्रहासाठी काढलेल्या ३५,७०० छायाप्रती त्याने स्वतः तपासल्या. ग्रंथ निघाला १९२७ साली, त्याच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी. उरलेल्या कामात त्याची भाची मेरी कॅल्व्हर्ट हिचा मोठा वाटा होता.