एक वाफा, दोन कंद : कसावा आणि रताळे यांच्या नावांचा इतिहास

बेळगोळ म्हटले की मराठीच्या अभ्यासकाला प्रथम श्रवणबेळगोळ आठवते. तेथील गोमटेश्वराच्या मूर्तीच्या पायथ्याशी एकाच निर्मितीची नोंद कन्नड, तमिळ आणि मराठी अशा तीन भाषांत कोरलेली आहे. प्रस्तुत लेखातील बेळगोळ वेगळे आहे. ते म्हैसूरजवळचे, श्रीरंगपट्टण तालुक्यातील कावेरीकाठचे गाव. तथापि त्या शिलालेखाने सुचविलेली पद्धती येथेही उपयोगी पडते. एकच वस्तू शेजारच्या भाषांनी कशी नोंदविली, हे ताडून पाहणे हा तिचा गाभा होय. कसावा आणि रताळे या दोन कंदांच्या बाबतीत अशी तुलना केली असता भाषेच्या इतिहासाबरोबर श्रमाचा इतिहासही हाती लागतो.

दोन्ही पिके मूळची अमेरिका खंडातील. सोळाव्या शतकापासून पोर्तुगीज जहाजांच्या मार्गाने ती भारताच्या किनाऱ्यावर आली, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. दोहोंची लागवड बियांनी होत नाही. कसाव्याच्या खोडाचे तुकडे आणि रताळ्याच्या वेलाचे तुकडे हेच बेणे. कसावा उभा वाढतो, सुमारे ९० सेंटीमीटर अंतरावर लावतात, आणि आठ-दहा महिन्यांनी काढणीस येतो. त्याची सावली जमिनीवर पसरेपर्यंत पहिले तीन महिने मधली जागा मोकळी असते. रताळ्याचा वेल ती झाकतो, तण दाबतो, पावसात माती धरून ठेवतो आणि साधारण चार महिन्यांत घरात अन्न आणतो. अर्थात ही सोबत फुकटची नव्हे. दोन्ही कंद जमिनीतून पालाश ओढतात आणि वेल माजला तर कसाव्याचे उत्पन्न घटते. म्हणून कृषिशास्त्र कसाव्यात बहुधा चवळी किंवा भुईमूग सुचविते. तरीही ज्याच्याजवळ जमीन थोडी आणि वाट पाहण्याची ताकद त्याहून थोडी, त्याला चौथ्या महिन्यात मिळणाऱ्या अन्नाचे मोल वेगळे असते.

या शेजाराची खूण दक्षिणेतील भाषांनी जपली आहे. कन्नडमध्ये रताळे म्हणजे ‘गेणसु’ आणि कसावा म्हणजे ‘मरगेणसु’, झाडाचा गेणसु. तमिळमध्ये रताळे ‘सर्करैवळ्ळि’ आणि कसावा ‘मरवळ्ळि’: एक साखरेची, दुसरी झाडाची. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ही दोन कुळे भिन्न आहेत. परंतु नाव देणाऱ्याने दोन्ही कंद कुदळीने खणून काढले होते आणि त्याच्या लेखी ते सख्खे होते.

मराठीत असे घडले नाही. ‘रताळे’ हा शब्द संस्कृत ‘रक्तालु’शी जोडला जातो. गुजरातीत ‘रताळु’ म्हणजे आजही जांभळा कोनफळाचा कंद. म्हणजे मराठीने जुन्या देशी कंदाचे नाव नव्या पाहुण्याला दिले आणि त्याला घरचा करून टाकले. बेळगावचा पश्चिम भाग, खानापूर आणि चंदगड या मराठी भाषिक पट्ट्यात रताळे हे शेतकऱ्याचे नगदी पीक आहे. तेथे त्याचे परकेपण कोणाच्या स्वप्नातही नसते.

कसाव्याचे प्राक्तन निराळे. मराठीत त्याचे रोप नव्हे, तर दाणे आले. ‘साबुदाणा’ या शब्दातील ‘साबू’ मलायी ‘सागू’पासून आला आणि तो मुळात एका ताडवर्गीय झाडाचा वाचक आहे. त्या झाडाच्या गाभ्याच्या पिठाऐवजी पुढे कसाव्याचे पीठ वापरात आले. नाव मात्र तेच राहिले. मराठी घरात कसावा अशा रीतीने दुसऱ्याच झाडाच्या नावाने नांदतो. त्याचे झाड पाहिलेला मराठी माणूस विरळा.

येथे एक ऐतिहासिक योग लक्षात घेण्याजोगा आहे. त्रावणकोरमध्ये कसाव्याच्या प्रसाराचे श्रेय महाराज विशाखम् तिरुनाळ (राज्यकाल १८८०–१८८५) यांना दिले जाते. त्यांचे शिक्षक होते सर टी. माधवराव, कुंभकोणमच्या मराठी भाषिक घराण्यातील आणि पुढे त्रावणकोरचे दिवाण. यावरून कार्यकारणसंबंध काढता येणार नाही. परंतु मराठी भाषिकांचे जग या पिकाच्या किती जवळ होते, हे त्यावरून कळते. पुढे १९४२ मध्ये जपानने ब्रह्मदेश आणि मलाया जिंकले. ब्रह्मदेशाचा तांदूळ थांबला आणि त्रावणकोरच्या गरिबांनी कसाव्यावर दिवस काढले. मलायातून येणारा साबुदाणाही थांबला आणि १९४३ च्या सुमारास सेलममध्ये कसाव्यापासून तो तयार करण्याचा उद्योग उभा राहिला. एकाच युद्धाने एकच कंद एकीकडे उपासमारीचे अन्न केला आणि दुसरीकडे उपवासाचे.

उपवासाच्या ताटात साबुदाणा आणि रताळे अखेर एकत्र येतात. उपवासाला धान्य वर्ज्य, कंदमूळ चालते. हा नियम पदार्थाचा वर्ग पाहतो, मूळ देश पाहत नाही. दक्षिणेत जे दोन कंद मातीत भावंडे झाले, ते मराठीत ताटात भेटले.

तौलनिक अभ्यासकापुढील प्रश्न येथे उभा राहतो. मल्याळम कथेतील भुकेल्या घरात ‘कप्प’ शिजत असेल, तर मराठी अनुवादकाने काय लिहावे? ‘साबुदाणा’ लिहिल्यास भुकेच्या जागी एकादशी येते. ‘कसावा’ लिहिल्यास वास्तव परदेशी होते. ‘रताळे’ लिहिल्यास वस्तूच बदलते. मूळ शब्द ठेवून संदर्भातून तो उलगडू देणे हाच मार्ग उरतो. ही उणीव अनुवादकाच्या कौशल्याची नव्हे. जे पीक आपल्या भाषेने स्वतः खणले नाही, त्याचे दाणे तिला मिळाले; ते खणणाऱ्याची भूक मिळाली नाही.