अभियंत्याची लेखणी

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला लिहिता येण्याची काय गरज, हा प्रश्न आपल्याकडे सहसा कुणी विचारत नाही. कारण त्याचे उत्तर 'काहीच नाही' असे सर्वांनी मनोमन धरून ठेवलेले असते. दहावीला गणितात चांगले गुण पडले की मुलगा विज्ञानशाखेकडे जातो आणि त्या दिवसापासून भाषेशी असलेले त्याचे नाते घरच्यांच्या संमतीनेच सुटते. पुढे महाविद्यालयात प्रयोगवही, म्हणजे मुलांच्या बोलीतले 'जर्नल', लिहावे लागते. परंतु ते लिहिणे म्हणजे मागच्या वर्षीच्या एखाद्या विद्यार्थ्याची वही समोर ठेवून सबमिशनच्या आदल्या रात्री ती उतरवून काढणे होय. निरीक्षणे त्याची, आकडे त्याचे, निष्कर्षही त्याचाच. प्राध्यापकांची सही तेवढी नवी असते.

या प्रथेकडे आम्हीही आजवर कौतुकमिश्रित हसूनच पाहत आलो. परंतु १९७९ ते २००३ या पाव शतकात अमेरिकेत घडलेल्या तीन अपघातांचा इतिहास वाचनात आला आणि ते हसू मावळले. धोका कुणाच्याच ध्यानी आला नव्हता, असे या तिन्ही प्रसंगांत म्हणता येत नाही. तो जाणकारांच्या ध्यानी आला होता आणि कागदावरही उतरला होता. मात्र ज्यांच्या हाती निर्णय होता त्यांच्या मनापर्यंत तो कागद पोहोचला नाही. ही अडचण कधी लिहिणाऱ्याची होती, कधी वाचणाऱ्याची. विद्यार्थ्याने लेखनविद्या का शिकावी, याचे उत्तर आम्हांस या इतिहासात सापडते.

तांत्रिक लेखन हा अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमातील स्वतंत्र विषय असावा, ही कल्पना मुळात फार जुनी नाही. अमेरिकेत १८६२ च्या मॉरिल कायद्यानंतर राज्याराज्यांत शेती व यंत्रविद्या शिकवणारी महाविद्यालये निघाली. तेथून बाहेर पडणाऱ्या पदवीधरांना आपले काम नीट लिहून सांगता येत नाही, ही तक्रार पुढे वाढत गेली. १९०८ साली खाणकामविषयक नियतकालिकाचे संपादक टी. ए. रिकार्ड यांनी तांत्रिक लेखनाची मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. अभियंत्यांचे लेख तपासण्यात ज्यांचे आयुष्य गेले अशा गृहस्थांचे ते पुस्तक होते. १९११ साली टफ्ट्स महाविद्यालयातील सॅम्युएल चँडलर अर्ल यांनी याच विषयावर पाठ्यपुस्तक लिहिले. तरीही पुढची कित्येक दशके हा विषय व्याकरणाची डागडुजी म्हणूनच ओळखला जात असे. लेखनातील दोषाची किंमत किती मोठी असू शकते, हे कळायला अपघात घडावे लागले.

पहिला प्रसंग पेनसिल्व्हेनिया राज्यातील थ्री माइल आयलंड या अणुवीज केंद्राचा आहे. २८ मार्च १९७९ रोजी तेथील एक झडप उघडी अडकून राहिली आणि अणुभट्टीतील पाणी निसटू लागले. मापकावर मात्र पाण्याची पातळी चढलेली दिसत होती. पाणी जास्त झाले अशा समजुतीने चालकांनी आपत्कालीन पाणीपुरवठा कमी केला आणि भट्टीचा गाभा अंशतः वितळला. हा अगदी अनपेक्षित प्रकार होता काय? तसे नव्हते. २४ सप्टेंबर १९७७ रोजी ओहायोतील डेव्हिस-बेसी केंद्रात हीच झडप अशीच अडकली होती आणि चालकांनी हीच चूक केली होती. ती भट्टी त्या वेळी अवघ्या नऊ टक्के शक्तीवर चालत असल्यामुळे निभावले.

दोन्ही भट्ट्या बॅबकॉक अँड विलकॉक्स या एकाच कंपनीने बांधलेल्या होत्या. त्या कंपनीतील केली नावाच्या अभियंत्याने १ नोव्हेंबर १९७७ रोजी सहकाऱ्यांना टिपण धाडले. केंद्रांच्या चालकांना या बाबतीत काही सूचना द्याव्यात काय, असा त्याचा सूर विचारणेचा होता. त्याला एकच उत्तर आले, आणि तेही मुद्दा न उमगता लिहिलेले. ९ फेब्रुवारी १९७८ रोजी डन या दुसऱ्या अभियंत्याने अधिक ठाम शब्दांत धोका मांडला आणि चालकांना काय सांगावे तेही लिहिले. त्यावर दुसऱ्या विभागाने शंका काढली. ३ ऑगस्ट १९७८ रोजी हॉलमन यांनी ती शंका लेखी टिपणाने तिसऱ्या विभागाकडे पाठवली. ज्यांना हे टिपण गेले त्यांना ते नित्याच्या कामातले वाटले आणि प्रश्न तसाच लोंबकळत राहिला. मार्च १९७९ उजाडला तेव्हा चालकांच्या हाती नवी सूचना नव्हती. विचारणेच्या सुरात लिहिलेला इशारा वाचणाऱ्याला इशारा वाटत नाही, आणि ठामपणे लिहिलेला इशारा तिसऱ्या माणसाच्या टिपणात शिरला की पुन्हा शंका होऊन बसतो. दोन्ही गोष्टी या एका प्रकरणात दिसतात.

दुसरा प्रसंग अधिक परिचित आणि अधिक गुंतागुंतीचा आहे. २८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर हे अवकाशयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झाले आणि त्यातील सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले. क्रिस्टा मॅकऑलिफ ही शाळाशिक्षिका त्यांत होती. यानाला वर नेणाऱ्या घनइंधन रॉकेटांचे भाग जेथे जोडले जात, त्या सांध्यांत ओ-रिंग नावाची रबरी कडी बसवलेली असत. थंडीत रबर ताठरले, सांधा घट्ट बंद झाला नाही आणि तप्त वायू बाहेर पडला. चौकशी आयोगाचे सदस्य व पदार्थवैज्ञानिक रिचर्ड फाइनमन यांनी बर्फाच्या पाण्यात कड्याचा तुकडा बुडवून हे जगाला दाखवले.

ही रॉकेटे बनवणाऱ्या मॉर्टन थायोकोल कंपनीत रॉजर बोझोले नावाचे अभियंते होते. अपघाताच्या सहा महिने आधी, ३१ जुलै १९८५ रोजी, त्यांनी अभियांत्रिकी विभागाचे उपाध्यक्ष रॉबर्ट लुंड यांना पत्र लिहिले. कड्यांच्या झिजेचे गांभीर्य व्यवस्थापनाला पुरते कळावे म्हणून आपण लिहीत आहोत, हे पहिल्याच वाक्यात सांगितले होते. तातडीने स्वतंत्र पथक नेमले नाही तर एखादे उड्डाणच गमावण्याची पाळी येईल, अशी प्रामाणिक भीती शेवटी नोंदवली होती. त्यात आडपडदा नव्हता, 'कदाचित' आणि 'शक्य झाल्यास' यांची भर नव्हती. धंदेवाईक पत्र कसे असावे याचा तो नमुनाच म्हणावा लागेल. परंतु कागदावर 'कंपनीपुरते खासगी' असा शिक्का होता आणि पत्र नासाकडे गेले नाही. पथक नेमले गेले. त्याला पुरेशी साधने मिळाली नाहीत. ऑक्टोबरच्या पहिल्या तारखेला बॉब एबलिंग या सहकाऱ्याने आपल्या टिपणाची सुरुवातच मदतीच्या हाकेने केली.

मग २७ जानेवारी १९८६ ची रात्र आली. दुसऱ्या दिवशी उड्डाणस्थळी कडाक्याची थंडी पडणार असे कळल्यावर थायोकोलच्या अभियंत्यांनी काही तासांत तेरा तक्ते तयार केले, ते नासाच्या केंद्रांना फॅक्सने पाठवले आणि दूरध्वनीवरून चर्चा झाली. तोवरच्या सर्वांत थंड उड्डाणाच्या वेळी, जानेवारी १९८५ मध्ये, सांध्याचे तापमान सुमारे १२ अंश सेल्सिअस होते. त्याहून कमी तापमानात यान सोडू नये, असे त्यांचे म्हणणे होते. निष्कर्ष बरोबर होता. त्याचा पुरावा मात्र विखुरलेला होता. कड्यांची हानी एका तक्त्यात आणि तापमान दुसऱ्यात होते. सुमारे २४ अंशांच्या उबदार हवेतील एका उड्डाणातही वायू निसटल्याची नोंद पुढे आली, तेव्हा थंडी आणि हानी यांचा संबंधच सिद्ध होत नाही, असे नासाच्या अधिकाऱ्यांना म्हणता आले.

आयोगाने पुढे हीच माहिती एकत्र मांडली. तापमान सुमारे १९ अंश किंवा अधिक असताना झालेल्या २० उड्डाणांपैकी फक्त तीनमध्ये कड्यांना इजा झाली होती. सुमारे १७ अंश किंवा त्याहून कमी तापमानातील चार उड्डाणांपैकी चारही उड्डाणांत ती झाली होती. दोन ओळींचा हा हिशेब आहे. हानी न झालेली उड्डाणे विचारात घेतल्याखेरीज तो मांडता येत नव्हता, आणि त्या रात्री समोर होती ती मुख्यतः हानी झालेलीच उड्डाणे. माहितीच्या मांडणीचे अभ्यासक एडवर्ड टफ्टी यांनी १९९७ च्या आपल्या पुस्तकात याच दोषावर बोट ठेवले.

परंतु येथे न्यायबुद्धीने एक गोष्ट नोंदवली पाहिजे. बोझोले आणि त्यांच्याबरोबरच्या काही अभ्यासकांनी २००२ साली टफ्टींना उत्तर दिले. सगळी आकडेवारी त्या रात्री अभियंत्यांच्या हाती नव्हती आणि त्यांचा युक्तिवाद टफ्टी समजतात त्याहून वेगळा होता, हे त्यांचे म्हणणे दुर्लक्षण्याजोगे नाही. शिवाय अभियंत्यांनी विरोध स्पष्ट नोंदवला होता. मधल्या विरामात कंपनीच्या एका वरिष्ठाने लुंड यांना अभियंत्याची टोपी उतरवून व्यवस्थापकाची घालण्यास सांगितले. बोझोले यांचे जुलैचे पत्र ज्यांच्या नावे होते तेच हे लुंड. कंपनीने आपला सल्ला फिरवला. म्हणजे उत्तम लेखनही सत्तेपुढे आणि घाईपुढे हरू शकते. असे असूनही ते व्यर्थ जात नाही. बोझोले यांची पत्रे आयोगापुढे आली नसती, तर हा अपघात दैवाचा खेळ म्हणून खपला असता. ती होती म्हणून जबाबदारी ठरवता आली.

तिसऱ्या प्रसंगाची आठवण आपणा भारतीयांना विशेष दुखरी आहे. १ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया यान परतीच्या वाटेवर भंगले. त्यातील सात जणांत कर्नालची कन्या आणि चंदीगडच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाची पदवीधर कल्पना चावला होती. उड्डाणाच्या वेळी, १६ जानेवारीला, फोमचा मोठा तुकडा डाव्या पंखावर आदळला होता. यान अंतराळात असतानाच अभियंत्यांनी त्याचा अभ्यास केला आणि निष्कर्ष पॉवरपॉइंटच्या चौकटींत मांडले. त्यातील एका चौकटीचा ठळक मथळा दिलासा देणारा होता. सर्वांत खाली, बारीक अक्षरांत मात्र असे होते की प्रत्यक्षातील तुकडा १,९२० घन इंचांचा असून चाचण्यांतील नमुना केवळ ३ घन इंचांचा होता. ६४० पटींचा हा फरक मथळ्यात असायला हवा होता, तो तळाशी गेला. 'लक्षणीय' हे विशेषण त्या एका चौकटीत पाच वेळा आले. किती लक्षणीय, ते कोठेच नव्हते. पंखाची छायाचित्रे मिळवावीत ही अभियंत्यांची विनंती पुढे सरकली नाही. ऑगस्ट २००३ च्या अहवालात चौकशी मंडळाने या चौकटीची चिकित्सा केली आणि तांत्रिक निबंधाची जागा अशा चौकटींनी घेतल्याबद्दल नासाला दोष दिला.

मग विद्यार्थ्याला या विद्येतून नेमके काय मिळते? आमच्या मते पहिला लाभ त्याच्या स्वतःच्या विचाराला होतो. आकडे शेजारी मांडताना आणि वाक्य पूर्ण करताना आपल्याला काय कळलेले नाही ते कळते. मुद्द्यांच्या तुटक ओळींत ते झाकून राहते. दुसरा लाभ वाचकाची जाण. आपला अहवाल ज्याला वाचायचा आहे त्याला किती माहीत आहे, त्याला कोणता निर्णय घ्यायचा आहे आणि म्हणून पहिल्या ओळीत काय आले पाहिजे, हे ठरवणे हा व्याकरणाचा प्रश्न नसून अभियांत्रिकीचाच भाग आहे. तिसरा लाभ धैर्याचा म्हणावा असा आहे. आपल्या नावानिशी, तारखेनिशी, 'हे धोक्याचे आहे' असे लिहिण्याची सवय विद्यार्थिदशेत लागली नाही तर नोकरीत ती लागणे कठीण. उतरवलेल्या जर्नलचा खरा तोटा येथे आहे. दुसऱ्याच्या निरीक्षणाखाली आपले नाव घालायला तो मुलगा चार वर्षे शिकतो.

या बाबतीत आमच्या बडोद्याचा वारसा स्मरण्याजोगा आहे. सयाजीराव महाराजांनी १८९० साली कलाभवन स्थापले आणि त्याचे पहिले प्रमुख त्रिभुवनदास गज्जर यांनी तंत्रविद्या विद्यार्थ्यांच्या मातृभाषेतून शिकवण्याचा व त्यासाठी देशी भाषांत ग्रंथ सिद्ध करण्याचा ध्यास घेतला. कारागिराच्या मुलाला जे समजावयाचे ते त्याच्या भाषेत लिहिता आले पाहिजे, ही दृष्टी त्यामागे होती. वाचक कोण, हा प्रश्न त्यांनी आधी विचारला होता. आज ती संस्था महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या तंत्रविद्या शाखेच्या रूपाने चालू आहे. भारत २०१४ साली वॉशिंग्टन करारात पूर्ण सदस्य म्हणून सामील झाल्यापासून परिणामकारक संवाद हा अभियांत्रिकी पदवीधराचा अपेक्षित गुण म्हणून मूल्यमापनातही आला आहे. २०२१ पासून काही महाविद्यालयांत मराठीसह भारतीय भाषांतून अभियांत्रिकी शिकवण्यास मान्यताही मिळाली. कागदावर सोय झाली आहे. ती वर्गात उतरायची तर प्राध्यापकांनी प्रयोगवही खरोखर वाचली पाहिजे.

आणि घरच्यांनीही एवढे करावे. घरातील मुलगा किंवा मुलगी सबमिशनच्या आदल्या रात्री दुसऱ्याची वही उघडून बसली, तर चहा करून देण्याआधी एक प्रश्न विचारावा: तुझ्या प्रयोगात तुला स्वतःला काय दिसले? ते एका पानात, आम्हांला समजेल असे, लिहून दाखव. आपल्यापैकी पुष्कळांना त्यातले शास्त्र कळणार नाही. तसा वाचक समोर असणे हाच त्या पानाचा उपयोग आहे.