जिनांच्या नावे अर्ज

मुनिरका हे दक्षिण दिल्लीतले जुने जाट गाव. आज ते ओळखले जाते भाड्याच्या कोंदट खोल्यांसाठी आणि जेएनयूच्या विद्यार्थ्यांसाठी. पण गावाला लागून असलेल्या रामकृष्ण पुरमच्या सरकारी वसाहतीत लोदीकालीन घुमट आणि एक बावली, म्हणजे आपल्याकडची बारव, अजून उभी आहे. अशा ओसाड वास्तूंत जिन राहतात असे दिल्लीत सर्रास म्हणतात, आणि ते ऐकून मराठी माणसाला पिंपळावरचा मुंजा आठवतो. इथेच पहिली गल्लत होते. मुंजा हा मेलेला मुलगा. जिन मात्र कधी माणूस नव्हताच. कुराणानुसार माणूस मातीपासून घडला आणि जिन धूर नसलेल्या आगीपासून. दोघांची निर्मिती ईश्वराच्या उपासनेसाठी, दोघांनाही बरेवाईट निवडण्याची मुभा आणि दोघांचाही शेवटी हिशेब. 72 वी सूरा तर त्यांच्याच नावाची आहे. तिच्यात काही जिन कुराण ऐकून श्रद्धा स्वीकारतात आणि आपल्यात सज्जन आहेत तसे दुसरेही आहेत अशी कबुली देतात. थोडक्यात, इस्लामच्या चौकटीत जिन ही भुताटकी नसून आपल्या शेजारी नांदणारी, न दिसणारी दुसरी प्रजा आहे. हे ध्यानात घेतले की जिनांना अर्ज करण्याच्या दिल्लीतल्या प्रथेचा उलगडा होतो. जिनांचा तिथला प्रभाव मध्ययुगातून झिरपत आलेली भीती आहे असे समजले जाते. माझ्या मते या प्रथेचे आजचे रूप गेल्या पन्नासेक वर्षांतले आहे, आणि ते सरकारी कचेरीच्या नमुन्यावर घडले आहे.

पुरावा मुनिरक्यापासून दूर, जुन्या शहराच्या कुशीत, फिरोजशाह कोटल्यात मिळतो. फिरोजशाह तुघलकाने 1354 च्या सुमारास वसवलेल्या या किल्ल्यात दर गुरुवारी गर्दी होते. तळघरासारख्या अंधाऱ्या कमानींत लोक मेणबत्त्या, उदबत्त्या लावतात, गुलाबाच्या पाकळ्या आणि मिठाई ठेवतात आणि कोनाड्यांत चिठ्ठ्या खोचतात. या चिठ्ठ्या जवळून पाहण्यासारख्या असतात. वर संबोधन, मग अर्जदाराचे नाव आणि घराचा पूर्ण पत्ता, पुढे तक्रार: मुलाला नोकरी नाही, जावई नांदवत नाही, जागेचा खटला निकाली निघत नाही. कधी सोबत पासपोर्ट आकाराचा फोटो. एकाच अर्जाच्या अनेक झेरॉक्स प्रती काढून त्या वेगवेगळ्या कोनाड्यांत ठेवलेल्याही आढळतात, जणू एका खात्यात फाइल अडली तर दुसऱ्या खात्यातून हलावी. मुसलमानांबरोबर हिंदू आणि शीखही येतात. या अर्जांचा बारकाईने अभ्यास आनंद विवेक तनेजा यांनी 2017 साली प्रसिद्ध झालेल्या ‘जिनिऑलॉजी’ या ग्रंथात केला आहे. प्रथेचा माग ते 1977 पर्यंत, लड्डू शाह नावाच्या एका फकिराने कोटल्यात मुक्काम केला त्या काळापर्यंत नेतात. हे साल आणीबाणी उठल्याचे आहे. वर्षभरापूर्वी, एप्रिल 1976 मध्ये, कोटल्यापासून जवळच असलेल्या तुर्कमान दरवाजापाशी घरे पाडली गेली, विरोध करणाऱ्यांवर गोळीबार झाला, नसबंदीची सक्ती चालूच होती. ज्याच्याकडे दाद मागायची त्याच सरकारने बुलडोझर पाठवला होता. अशा वेळी लोकांनी अर्जाचा नमुना तोच ठेवला आणि पत्ता तेवढा बदलला.

यावर इतिहासाचा अभ्यासक लगेच विचारील की कोटल्याला अद्भुताचे वलय आधीपासूनच नव्हते का? होते. इथली अशोकाची लाट, म्हणजे शिलास्तंभ, फिरोजशाहने टोपऱ्याहून आणवली. इतिहासकार शम्स सिराज अफीफने त्या खटाटोपाचे तपशीलवार वर्णन केले आहे: सावरीच्या कापसाच्या गाद्यांवर अलगद आडवी केलेली लाट, बेचाळीस चाकांचा गाडा, दोरांना लागलेली हजारो माणसे आणि मग यमुनेतल्या मोठ्या नावा. तिच्यावरची अक्षरे तेव्हा कुणालाच लागेनात. लोक तिला भीमाची काठी समजत. ती लिपी वाचायला 1837 साल आणि जेम्स प्रिन्सेप यावा लागला. फकिरांचा वावरही इथे जुनाच. बादशाह दुसरा आलमगीर 1759 मध्ये याच कोटल्यात मारला गेला, तो एका सिद्ध फकिराचे दर्शन घडवतो म्हणून नेल्यावर.  पण लाटेविषयीचे कुतूहल वेगळे, फकिराचे दर्शन वेगळे आणि फोटो चिकटवून केलेला अर्ज वेगळा. जागा पुरातन आहे म्हणून तिथली प्रत्येक प्रथा पुरातन ठरत नाही. पंढरीच्या वाटेवरचे सगळेच विधी ज्ञानदेवांच्या काळातले आहेत असे कुणी म्हणत नाही, तसेच हे.

दुसरा आक्षेप धर्मशास्त्राकडून येतो आणि तो जास्त वजनदार आहे. काही माणसे जिनांचा आश्रय घेत आणि त्यामुळे त्यांची अवस्था अधिकच बिघडे, असे 72 वी सूराच बजावते. जिनांना परोक्षाचे ज्ञान नाही हेही कुराण एका विलक्षण प्रसंगातून दाखवते: काठीला टेकून उभे असलेले प्रेषित सुलेमान मरण पावले तरी त्यांच्या हाताखाली राबणाऱ्या जिनांना पत्ता नाही, वाळवीने काठी पोखरली, देह कोसळला, तेव्हा कुठे त्यांना कळले. मग अशांकडे मागणे मागायचे कशाला, हा उलेमांचा प्रश्न रास्त आहे. मात्र कोटल्यात बहुतेकांना भविष्य नको असते, शिफारस हवी असते. दर्ग्यात वलीकडे, म्हणजे संताकडे, जी मध्यस्थी मागितली जाते तिचाच हा दुसरा अवतार. जिनांचे आयुष्य माणसापेक्षा कितीतरी दीर्घ मानतात. तेव्हा ज्याने चांगल्या राजाचा न्याय पाहिला असेल असा साक्षीदार ओसाड किल्ल्यात भेटतो, ही कल्पना रोज कचेरीत हेलपाटे घालणाऱ्याला का पटावी हे समजणे कठीण नाही. शास्त्राला ती मान्य नसेल, म्हणून ती अडाणीपणाची ठरत नाही.

सर सय्यद अहमद खान यांचा आक्षेप आणखी पुढचा. कुराणातले जिन म्हणजे अदृश्य प्राणी नव्हेत, असा अर्थ त्यांनी लावला. गंमत म्हणजे दिल्लीच्या पडक्या वास्तूंची पहिली मोठी नोंद, ‘आसार-उस-सनादीद’ (1847), त्यांचीच. जिन आहेत की नाहीत हा वाद मात्र इथे निकाली काढण्याची गरज नाही. अर्ज आहेत, एवढे इतिहासाला पुरेसे आहे.

खरा धोका दुसरीकडे आहे. माणसाला जिनाने झपाटले असे ठरवून त्याला बांधून ठेवणे, मारणे, औषध तोडणे. तमिळनाडूत एरवाडीला 6 ऑगस्ट 2001 रोजी साखळदंडांनी बांधलेले 28 मनोरुग्ण आगीत जळून मेले, महाराष्ट्रात डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर 2013 मध्ये जादूटोणाविरोधी कायदा आला, तो अशा अघोरी उपायांना गुन्हा ठरवतो. त्या कायद्याची बाजू घेताना कोटल्याचे अर्जही त्याच माळेत ओवण्याचा मोह होतो. तो टाळावा. तिथे दुसऱ्याच्या देहावर हक्क सांगितला जात नाही. माणूस स्वतःची तक्रार स्वतःच्या अक्षरात मांडतो.

ओलसर कोनाड्यातला कागद फार दिवस टिकत नाही, आणि त्याबरोबर दिल्लीच्या गरिबांनी स्वतः लिहिलेला इतिहास जातो. मुनिरक्यात खोली घेऊन रस्त्यापलीकडच्या विद्यापीठात इतिहास शिकणाऱ्या मराठी मुलामुलींपैकी कुणीतरी नावे-पत्ते झाकून, अर्जदारांना विचारून या अर्जांच्या नोंदी ठेवण्याचे काम अंगावर घ्यावे.