परळची वाट

दांडी हें नांव कानीं पडतांच १९३० सालच्या मिठाच्या सत्याग्रहाचें स्मरण व्हावें, हें स्वाभाविक आहे. परंतु तें गांव नवसारीजवळचें. त्याच नांवाचें दुसरें एक गांव बोईसरच्या पश्चिमेस, तारापूरच्या बाजूला, समुद्रकांठीं वसलेलें आहे. २०१४ सालीं ठाणें जिल्ह्याचें विभाजन होऊन पालघर जिल्हा निर्माण झाला, त्यांत तें मोडतें. या किनाऱ्यावरील एखाद्या घरांत कर्करोगाची शंका आली, म्हणजे आप्तांची पावलें बोईसर स्थानकाकडे वळतात आणि आगगाडी त्यांना मुंबईस, परळच्या टाटा रुग्णालयाच्या वाटेला लावते. या वाटेचा आरंभ एका कुटुंबाच्या दुःखांत झाला, आणि तिचा एक धागा पुन्हां तारापूरलाच येऊन मिळतो.

सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहरबाई यांना रक्ताचा कर्करोग जडला आणि १९३१ सालीं परदेशांत उपचार चालू असतांच त्यांचें निधन झालें. धनाची वाण नसतांही जेथें रोगापुढें हात टेकावे लागले, तेथें येथील गरिबाची काय कथा! दोराबजींनीं आपली संपत्ति विश्वस्तनिधीच्या स्वाधीन केली व १९३२ सालीं तेही निवर्तले. त्या निधीच्या विश्वस्तांनीं परळ येथें उभारलेलें टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं उघडलें.

तेथील प्रयोगशाळेची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे होती. रोग्यावर उपचार करून थांबावयाचें नाहीं, तर तो कोठला, काय खातो, काय चघळतो, हेंही टिपून ठेवावयाचें, अशी त्यांची दृष्टि होती. मुखाच्या कर्करोगाच्या एक हजार रोग्यांचा आढावा त्यांनीं १९४४ सालीं प्रसिद्ध केला. पुढें १९५५ मध्यें डॉ. संघवी आणि त्यांचे सहकारी यांनीं तंबाखू खाणें व ओढणें यांचा मुख आणि घसा यांच्या कर्करोगाशीं असलेला संबंध आंकड्यांनिशीं मांडला. प्रतिबंधाचें जें ज्ञान आज सर्वांस सुलभ झालें आहे, तें अशा रीतीनें रोग्यांच्याच कहाण्यांतून निपजलें आहे. पानांतली तंबाखू, विडी आणि सकाळीं दांतांना लावावयाची मिश्री या तिन्हींचा हिशेब त्यांत येतो. मिश्री हें औषध नव्हे. ती भाजलेली तंबाखूच होय.

१९५७ सालीं हें रुग्णालय केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याकडे गेलें आणि १९६२ सालीं अणुऊर्जा विभागाकडे आलें. त्या विभागाचे सूत्रधार डॉ. होमी भाभा हे मेहरबाईंचे सख्खे भाचे. दांडीच्या शेजारचें तारापूरचें अणुविद्युत् केंद्र १९६९ सालीं चालू झालें, तेंही त्याच विभागाच्या छत्राखालीं.

परंतु रुग्णालय उभें राहिलें म्हणजे सर्व झालें, असें नव्हे. रोग्याबरोबर घरचें माणूस येतें, त्यानें कोठें राहावें, काय शिजवावें? या प्रश्नाला दादर येथील गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या संस्थांनीं उत्तर दिलें आहे. जेथें रोग बरा होण्याची आशा मावळली, तेथेंही शुश्रूषा संपत नाहीं, हें ओळखून १९८६ सालीं वांद्रें येथें शांति आवेदना सदन स्थापन झालें. अखेरच्या दिवसांतील वेदना शमविण्यासाठीं निघालेली ती हिंदुस्थानांतील पहिली संस्था होय.

सर्वांत बोधप्रद प्रकरण १९९८ सालीं मुंबईच्या झोपडपट्ट्यांत सुरू झालें. सुमारें दीड लाख स्त्रियांचे दोन गट करण्यांत आले. एका गटाची तपासणी शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकांनीं दर दोन वर्षांनीं, अशी चार वेळां केली. साधन काय, तर पाणी घातलेलें व्हिनेगर! तें लावल्यावर गर्भाशयमुखाचा बिघडलेला भाग पांढरा दिसतो. बारा वर्षांनीं पाहतां, तपासलेल्या गटांत या कर्करोगानें होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनीं कमी आढळले. आतां या रोगास प्रतिबंध करणारी लसही मिळते.

घरांतली बाई स्वतःचें दुखणें सर्वांच्या शेवटीं सांगते. तोंडांतला पांढरा चट्टा पुरुष हंसण्यावारी नेतो. कर्करोग स्पर्शानें लागत नाहीं, तरीही भीतीनें कोणी रोग्याचें ताट वेगळें मांडतो, तर कोणी लाजेनें रोगच लपवितो. आप्तांची खरी सेवा येथूनच सुरू होते. तीन आठवडे न भरणारी तोंडांतली जखम, स्तनांतील गांठ, अवेळीं होणारा रक्तस्राव यांची विचारपूस करावी, आणि रोग्याचा हात धरून त्याला वेळींच वैद्याकडे न्यावें. मेहरबाईंच्या घरच्यांना जी वाट उपलब्ध नव्हती, ती आज दांडीच्या कोळ्याच्या दारापर्यंत आली आहे. तिच्यावर पाऊल लवकर पडावें, एवढेंच उरलें आहे.