घोड्याच्या अस्थिबंधाची इजा आणि पुनर्वसन

शर्यतीच्या मैदानावर धावणारा थरोब्रेड असो, सारंगखेड्याच्या यात्रेत चाल दाखवणारा मारवाडी असो किंवा माथेरानच्या लाल मातीच्या वाटांवर प्रवासी वाहून नेणारा तट्टू असो. घोड्याचे मोल त्याच्या पायांवर ठरते. पायाच्या दुखापतींमध्ये अस्थिबंधाची, म्हणजेच लिगामेंटची इजा विशेष फसवी समजली जाते. योग्य विश्रांती मिळाल्यास घोड्याचे लंगडणे अनेकदा काही आठवड्यांतच थांबते. अस्थिबंधाला पूर्ववत भार पेलण्याजोगी बळकटी येण्यास मात्र सहा महिन्यांपासून वर्षापर्यंतचा काळ लागतो. पाय बरा झालेला दिसणे आणि तो खरोखर बरा होणे, यांमधील हा काळच सर्वांत धोक्याचा असतो.

पायाची रचना

घोड्याच्या पुढच्या पायात गुडघ्याच्या खाली मांसल भाग जवळजवळ नसतोच. तेथे हाडे, कंडरा आणि अस्थिबंध यांवरच सारा भार असतो. उभ्या घोड्याच्या वजनाचा सुमारे ६० टक्के भाग पुढचे दोन पाय उचलतात. नळीच्या हाडामागून निघून खाली उतरणारा सस्पेन्सरी लिगामेंट हा यांतील अत्यंत महत्त्वाचा अस्थिबंध होय. खाली तो दोन शाखांत विभागतो आणि खुराच्या वरच्या सांध्यामागील दोन लहान हाडांना जोडला जातो. या सांध्याला तो झोळीसारखा आधार देतो. घोडा भरधाव धावताना हा सांधा जमिनीच्या दिशेने खोल दबतो, अस्थिबंध ताणला जातो आणि पाऊल उचलताना तो पुन्हा आखडतो. हा ताण मर्यादेबाहेर गेला की त्यातील तंतू तुटतात.

थकलेल्या अवस्थेत धावणे, खोल वाळू किंवा खाचखळग्यांची जमीन, एकाएकी घेतलेले वळण, वाजवीपेक्षा लांब वाढलेला खूर ही त्यामागील नेहमीची कारणे आहेत. अनेकदा इजा एका दिवसात होत नाही. सूक्ष्म झीज साठत जाते आणि शेवटी एखाद्या साध्या दौडीत ती उघड होते.

निदान

नळीच्या मागे सूज, स्पर्शाला जाणवणारी उष्णता आणि दाबल्यावर होणारी वेदना ही प्रमुख लक्षणे होत. इजा अस्थिबंधाच्या वरच्या टोकाशी असेल तर सूज दिसतही नाही. अशा वेळी पशुवैद्यक पायाचा एकेक भाग इंजेक्शनने बधिर करून वेदनेचे ठिकाण शोधतात. इजेची व्याप्ती सोनोग्राफीने कळते, तर हाडाचा तुकडा निघाला आहे काय, हे क्ष-किरण तपासणीत दिसते. पहिल्या काही दिवसांत इजा वाढू शकते. त्यामुळे आठवडाभराने केलेली सोनोग्राफी अधिक विश्वसनीय ठरते.

पहिले दोन आठवडे

इजा होताच काम तत्काळ थांबवावे. थंड पाण्याची धार किंवा बर्फाचा शेक प्रत्येक वेळी सुमारे २० मिनिटे, दिवसातून अनेकदा द्यावा. कापसाची जाड घडी ठेवून पट्टी सर्वत्र सारख्या दाबाने बांधावी. आवळून बांधलेली पट्टी स्वतःच इजा करते. सूज व वेदना कमी करणारी औषधे पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच द्यावीत. वेदनाशामक देऊन घोड्याला कामाला जुंपणे सर्वस्वी घातक आहे. तबेल्यात बांधून असलेल्या घोड्याचा दाण्याचा खुराक कमी करून त्याला गवत व पाणी मुबलक द्यावे, अन्यथा पोटशूळ उठण्याचा संभव असतो.

टप्प्याटप्प्याने चाल

तुटलेल्या तंतूंच्या जागी प्रथम कोलॅजनचे दुर्बळ तंतू वेडेवाकडे विणले जातात. ते ताणाच्या दिशेने सरळ रचले जावेत, यासाठी मोजका व्यायाम आवश्यक असतो. संपूर्ण विश्रांतीने हे साधत नाही आणि अतिव्यायामाने नवे तंतूही तुटतात. पुनर्वसनाचे सारे शास्त्र या समतोलात आहे.

मध्यम स्वरूपाच्या इजेत सामान्यतः पुढील क्रम पाळला जातो.

- दोन आठवड्यांनंतर: लगाम हाती धरून सपाट, टणक जमिनीवर दिवसातून दोनदा ५ ते १० मिनिटे चालवणे, दर आठवड्याला साधारण ५ मिनिटांची वाढ.
- दोन ते तीन महिने: दुसरी सोनोग्राफी. समाधानकारक असल्यास स्वार बसवून केवळ चाल.
- तीन ते पाच महिने: सरळ रेषेत ५ मिनिटे दुडकी, पुढे हळूहळू वाढ.
- सहा महिन्यांनंतर: पुन्हा तपासणी करून कॅंटर.
- आठ ते बारा महिने: पूर्ण वेग, उडी किंवा शर्यतीचा सराव.

तारीख उलटली म्हणून पुढच्या टप्प्यावर जाता येत नाही. तपासणीचा कौल महत्त्वाचा. पायात उष्णता वा सूज आढळल्यास मागच्या टप्प्यावर परतावे. या काळात घोड्याला मोकळ्या कुरणात सोडू नये, तसेच दोराने लहान वर्तुळात फिरवू नये. बांधून कंटाळलेला घोडा सुटताच उधळतो आणि महिन्यांची मेहनत क्षणात वाया जाते. नालबंदाकडून खुरांचा तोल नियमित साधून घेणे, हाही उपचाराचाच भाग आहे.

जुने आणि नवे उपाय

दुखावलेला पाय तापल्या लोखंडाने डागण्याची प्रथा अनेक देशांत होती. आपल्याकडेही बैल व घोड्यांना डाग दिले जात. ब्रिटनमध्ये ब्रिस्टल विद्यापीठातील संशोधकांनी १९८३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कंडरेच्या इजेवर डागण्याचा कोणताही लाभ आढळला नाही. डागल्यानंतर सक्तीने मिळणारी दीर्घ विश्रांती हेच त्या जुन्या उपायाच्या कथित गुणाचे कारण असावे, असे मानले जाते.

अलीकडे शॉकवेव्ह, रक्तातील प्लेटलेट्सचे इंजेक्शन आणि मूलपेशी यांचा वापर होतो. शॉकवेव्हनंतर काही दिवस वेदना दबते. त्या दिवसांत घोडा बरा वाटला तरी काम वाढवू नये. यांपैकी कोणताही उपाय टप्प्याटप्प्याच्या व्यायामाची जागा घेत नाही. मागच्या पायाच्या वरच्या टोकाची इजा अधिक हट्टी असते. तेथे सुजलेला अस्थिबंध अरुंद जागेत दाबला जातो. अशा काही घोड्यांवर शस्त्रक्रिया करावी लागते.

पुन्हा कामावर

बरा झालेला अस्थिबंध मूळच्याइतका लवचिक होत नाही. म्हणून कामापूर्वी १५-२० मिनिटे सावकाश चालवणे आणि रोज सकाळी दोन्ही पायांच्या नळ्या हाताने चाचपून उष्णतेची तुलना करणे, ही सवय घोड्याच्या उर्वरित आयुष्यभर ठेवावी लागते. घोड्याच्या रोजच्या कमाईवर ज्याचे घर चालते, त्याला सहा महिन्यांची विश्रांती परवडणे कठीण असते, हे खरे आहे. तथापि घाईने कामाला लावलेल्या घोड्याचा पाय पुन्हा दुखावला, तर दुसऱ्या वेळी तो बरा होण्याची शक्यता आणखी कमी असते आणि मग मालकाच्या उत्पन्नाचे साधनच कायमचे जाते.